क्वचित लिहिणाऱ्यांसाठी

पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावरच्या फुलांविषयी लिहिणारे एक गृहस्थ आहेत. नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. वर्षाकाठी दोन, फार तर तीन लेख. एखादं वर्ष कोरडंच जातं. ते फेसबुकवर नाहीत, इन्स्टावर नाहीत, लेख लिहिला म्हणून कुणाला कळवत नाहीत. कुठल्या खडकाच्या खळग्यात पाणी साचलं होतं, त्यात काय उगवलं, मागच्या पावसात ते का उगवलं नव्हतं, एवढंच लिहितात आणि गप्प बसतात. तरीही त्यांचा एकही लेख माझ्या नजरेतून सुटत नाही, आणि यात माझ्या चिकाटीचा काडीचाही वाटा नाही. ते काम माझा फीड रीडर करतो.

फीड रीडर म्हटलं की लोकांना वाटतं, हे भराभर आणि भरपूर वाचणाऱ्यांचं यंत्र. शंभर साईटी एका जागी, सगळ्यांच्या आधी बातमी, वगैरे. मला नेमकं उलटं वाटतं. दिवसातून दहा वेळा बोलणाऱ्यांना आपल्यापर्यंत पोचायला यंत्र लागत नाही. ते पोचतातच. तुम्ही दार लावून घ्या, ते शेजाऱ्याच्या मोबाईलमधून पोचतील. जो आठ महिन्यांनी एकदा बोलतो, त्याचं बोलणं मात्र सोशल मीडियाच्या त्या न संपणाऱ्या पट्टीवर टिकत नाही. त्या पट्टीचा हिशेब सरळ आहे: कालपासून किती जणांनी दाबलं, किती जण थांबले. आठ महिने गप्प राहिलेल्या माणसाची तिथं पत शून्य.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पुष्कळ साईटींच्या मागं, एरवी वाचकाला न दिसणारी, एक साधी मजकुराची फाईल असते. तिच्यात अलीकडचे दहा-वीस लेख ओळीनं मांडलेले असतात: मथळा, दुवा, मजकूर किंवा त्याचा तुकडा, प्रसिद्धीची तारीख-वेळ, आणि प्रत्येक लेखाची एक कायमची खूण. ना रंग, ना जाहिरात, ना ‘तुम्हाला हेही आवडेल’. नवा लेख आला की तो वर चढतो, तळाचा गळून पडतो. हीच फीड. रीडर एवढंच करतो की तुम्ही सांगितलेल्या प्रत्येक फाईलीकडं ठरावीक वेळानं जाऊन येतो आणि जे नवं असेल ते तुमच्यापुढं ठेवतो. लेख नवा की जुना हे त्या खुणेवरून कळतं. साईटवाल्यांनी पत्ता बदलताना खुणाही बदलल्या, तर सगळे जुने लेख एका रात्रीत नवे होऊन अंगावर येतात. रीडर वापरणाऱ्या प्रत्येकानं हा पूर कधी ना कधी बघितलेला असतो.

हे जाऊन येणं कसं चालतं ते भाच्यानं एकदा त्याच्या लॅपटॉपवर उघडून दाखवलं, तेव्हापासून मला त्याचं कौतुक आहे. रीडर सर्व्हरला विचारतो: मागच्या खेपेला तू मला अमुक तारखेची फाईल दिली होतीस, त्यानंतर काही बदललंय का? बदललं नसेल तर सर्व्हर फाईल पाठवतच नाही. नुसतं तीन आकडी उत्तर देतो, ३०४. म्हणजे जैसे थे. काही वेळानं पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा ३०४. दिवाळी झाली, ३०४. मार्चअखेर झाली, ३०४. आपण स्वतः एखाद्या साईटवर चार वेळा जाऊन रिकाम्या हातानं परतलो की पाचव्यांदा जात नाही, आणि नवा लेख नेमका त्यानंतर येतो. रीडरला कंटाळा नाही, अपमान नाही. मग एके दिवशी, बहुधा सप्टेंबरात पावसाचा जोर ओसरताना, उत्तर येतं २००: घ्या, नवी फाईल. त्या पत्त्यावर फाईलच सापडली नाही तर ४०४ येतो, तो सगळ्यांच्या ओळखीचा. आणखी एक आहे, ४१०. त्याचा अर्थ, इथं होतं, आता कायमचं नाही, परत येऊ नका. इतकं रीतसर सांगून निरोप घेणारे फारच थोडे. बाकीचे डोमेनचं भाडं भरायचं थांबवतात आणि त्या पत्त्यावर वर्षभरात पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात उभी राहते.

या फाईलीचा जन्म १९९९ च्या मार्चमधला, नेटस्केप कंपनीतला. माय नेटस्केप नावाच्या पानावर वेगवेगळ्या साईटींचे मथळे आणायचे होते, त्यासाठी रामनाथन गुहा आणि डॅन लिबी यांनी ती तयार केली, आरएसएस या नावानं. गुहा मद्रास आयआयटीत शिकलेले. नेटस्केपनं लवकरच अंग काढून घेतलं आणि मग फाईलीचं रूप कसं असावं यावरून जी जुंपली, ती आजही वाचायला मजा येते. एका बाजूला सॉफ्टवेअर लिहिणारे डेव्ह वायनर, त्यांचं म्हणणं साधी ठेवा, कुणालाही लिहिता आली पाहिजे. दुसऱ्या बाजूला जास्त शास्त्रशुद्ध रूप हवं असणारी मंडळी. त्यांच्यात ॲरन स्वार्ट्‌झ होता, त्या वेळी अवघ्या चौदा वर्षांचा. या मंडळींची १.० आवृत्ती डिसेंबर २००० मध्ये आली. वायनर यांची २.० सप्टेंबर २००२ मध्ये. आता कुणालाही वाटेल की २.० ही १.० ची सुधारलेली आवृत्ती. छे! ती दुसऱ्याच गटाची. पुढचा आकडा घेऊन मोकळे झाले. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची फुटबॉलची मॅच लागावी तशी ईर्षा. या वादाला विटलेल्यांनी तिसरीच चूल मांडली, ॲटम नावाची, आणि डिसेंबर २००५ मध्ये तिचं अधिकृत प्रमाणही ठरवून घेतलं. वाचणाऱ्याला यातलं काही ठाऊक असायची गरज नाही. रीडरला तिन्ही चालतात.

माझी सुरुवात बहुतेकांसारखी गूगल रीडरवर झाली. तेव्हा मराठी ब्लॉगांना बहर होता. युनिकोड रुळलं होतं, त्यामुळं कुणाचा फाँट उतरवून घ्या, मग अक्षरांचे चौकोन का दिसतायत ते शोधा, ही कटकट संपली होती. आणि फीडमध्ये मराठी मराठीसारखं दिसायचं. गूगल रीडर २००५ च्या ऑक्टोबरात सुरू झाला आणि १३ मार्च २०१३ ला गूगलनं जाहीर केलं की वापर घटतोय, १ जुलैला बंद करणार. आमच्या करसल्ल्याच्या धंद्यात १ जुलै म्हटलं की २०१७ चं जीएसटी आठवतं. माझ्या कॅलेंडरात त्या तारखेवर चार वर्षं आधीच काळी खूण पडली होती.

पण त्या बंद होण्यातून एक गोष्ट कळली, आणि ती मला अजून महत्त्वाची वाटते. माझी यादी माझी होती. रीडरमधून सगळ्या फीडींचे पत्ते एका फाईलीत उतरवून घेता येतात, ओपीएमएल म्हणतात तिला, आणि ती फाईल दुसऱ्या कुठल्याही रीडरमध्ये जशीच्या तशी बसते. मी ती फीडलीत टाकली, पुढं इनोरीडरमध्ये नेली. अर्ध्या तासाचं काम. फेसबुकवर जमवलेली माणसं अशी उचलून दुसरीकडं नेऊन दाखवा बरं. तिथं माणसं तुमची, पण वही दुकानदाराची.

माझं ऑफिस शाहूपुरीत, काम कर सल्लागाराचं. क्लायंट बरेचसे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतले फौंड्रीवाले. जीएसटी भरायची, महिन्याची २० तारीख जवळ आली की फोन सुरू होतात. त्यातला हा एक, थोड्याफार फरकानं दर काही महिन्यांनी घडणारा.

“मॅडम, व्याज माफ केलंय की सरकारनं. व्हॉट्सअपला आलंय, बघा.”

“कुणी पाठवलं, अण्णा?”

“आमच्या साडूनं.”

“साडू काय करतात?”

“इचलकरंजीला माग हायत त्येंचं.”

मी बोलता बोलता रीडर उघडते. पत्र सूचना कार्यालयाची फीड तिथं आहे, रिझर्व्ह बँकेची आहे, सेबीची आहे. खाली सरकत जायचं. सापडतं. मूळ निवेदनात विलंब शुल्क कमी केल्याचं असतं, व्याजाचा उल्लेखही नसतो. उशिरा भरलेल्या करावर सालीना अठरा टक्के व्याज आणि रिटर्न उशिरा भरल्याचं शुल्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण इचलकरंजीपासून शिरोलीपर्यंत येता येता त्या एक झालेल्या असतात.

“म्हंजे भरायचंच म्हणा की.”

“भरायचंच, अण्णा.”

यात फीड रीडरनं काही मोठं केलं असं नाही. निवेदन साईटवरही होतंच. पण कुणी विचारायच्या आधी ते माझ्याकडं येऊन पडलेलं होतं, मूळ शब्दांत, तारखेसकट, आणि मधे कुणाचा साडू नव्हता.

मात्र सगळी सरकारी खाती अशी शहाणी नाहीत. काही साईटी अशा आहेत की तिथं सूचना मुखपृष्ठावर पळत्या अक्षरांत असते. वाचून होईस्तोवर डावीकडं गडप. मग ती फिरून येईपर्यंत बसा बघत. सूचनेच्या शेजारी लाल-पिवळं लुकलुकणारं ‘न्यू’. मी असं एक ‘न्यू’ बघितलंय की ज्याच्या शेजारच्या परिपत्रकाची शेवटची तारीख उलटून तीन आर्थिक वर्षं झाली होती. ते बिचारं अजून लुकलुकत होतं. उघडावं तर आत स्कॅन केलेला कागद, जरा तिरका, वर कुणाची तरी पेनानं केलेली सही आणि आवक क्रमांक. त्यातला एक शब्द शोधता येत नाही, कॉपी करता येत नाही. अशा साईटी कशा वाचायच्या यावर लोकांनी उपाय काढलेत. आरएसएस-ब्रिज नावाचा एक मुक्त प्रकल्प आहे, तो फीड नसलेल्या साईटींपासून फीड बनवायचा प्रयत्न करतो. पण साईटवाल्यानं पानाची मांडणी जरा हलवली की तो पूल कोसळतो. आणि मुळात एक फाईल ठेवायची ती न ठेवता जगाला पूल बांधायला लावायचे, हा काय न्याय?

रीडरचा जाच कुठला म्हणाल तर न वाचलेल्यांचा आकडा. गूगल रीडरमध्ये हजाराच्या पुढं गेलं की नुसतं ‘१०००+’ दिसायचं. हजार एक असोत की नऊ हजार, शिक्षा तीच. सकाळी चहाबरोबर उघडावं तर हा आकडा ऑफिसातल्या फायलींच्या गठ्ठ्यासारखा समोर. पुष्कळांनी रीडर सोडला तो यामुळं, गूगलमुळं नव्हे. डेव्ह वायनर यांचं म्हणणं पहिल्यापासून असं की आकडा दाखवायचाच कशाला. बातम्यांची नदी समजा, काठावर उभं राहा, दिसेल ते वाचा, वाहून गेलं ते गेलं. विचार चांगला आहे. पण आम्ही पंचगंगेच्या काठची माणसं, नदी दिसली की पातळी विचारतो. राजाराम बंधाऱ्यावर किती? ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. जुलै-ऑगस्टात हे आकडे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतात.

आणि पुराचाच विषय निघाला तर हेही सांगितलं पाहिजे की २०१९ च्या ऑगस्टमध्ये माझा रीडर कवडीच्या उपयोगाचा नव्हता. पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, शिरोलीजवळ महामार्ग बंद, शहराचा पाणीपुरवठा बंद, आणि राधानगरीचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले हा प्रश्न दर तासाला नव्यानं विचारायचा. याचं उत्तर कुणी फीडमध्ये घालत बसत नाही. ते फोनवर मिळतं, कोपऱ्यावर मिळतं, नदीकडनं आलेल्या माणसाच्या भिजलेल्या पँटीवर दिसतं. तेव्हा व्हॉट्सअपच्या ज्या गटांना मी एरवी नावं ठेवते, तेच कामाला आले. कुणाकडं होडी आहे, कुठल्या शाळेत सोय आहे, कुणाच्या वडिलांना डायलिसिसला न्यायचंय. अफवाही तिथंच होत्या, धरण फुटल्याची धरून. पण घाईच्या माहितीला घाईचं वाहन लागतं. फीड रीडर ते नव्हे आणि त्यानं ते व्हायचा प्रयत्नही करू नये.

म्हणून मी त्यातून वर्तमानपत्रं काढून टाकली. एका मोठ्या वर्तमानपत्राची फीड दिवसाला शंभरावर नोंदी टाकते, त्यात निम्म्या राशिभविष्याच्या आणि नट्यांच्या विमानतळावरच्या कपड्यांच्या. फुलांवाले गृहस्थ त्यात बुडून जातात. आणि वर्तमानपत्र वाचायची सोय कोल्हापुरात कमी आहे असं थोडंच आहे! करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे. सकाळी कुठल्याही टपरीवर अर्धा कप चहात चार वर्तमानपत्रं होतात, पानं वाटून घेतलेली, क्रीडापान एकाकडं, निधनवार्ता दुसऱ्याकडं. बातमीवर मत हवं असेल तर तेही लगेच मिळतं, न मागता.

वर्तमानपत्रं काढल्यावर जे उरलं ते दिवसाकाठी पंधरा-वीस मिनिटांत संपतं. संपतं, हे मुद्दाम लिहिलं. यादीच्या तळाला गेलं की रीडर म्हणतो, झालं, आता काही नाही. दुसऱ्या कुठल्या ॲपनं हे तुम्हाला शेवटचं कधी सांगितलं होतं? उरलेल्यांत एक बाई आहेत ज्या जुन्या मोडी कागदांचे फोटो लावून त्यांचं वाचन देतात. एक निवृत्त इंजिनियर, ज्यांना धरणांच्या दरवाज्यांशिवाय दुसरा विषय नाही. काही इंग्रजी, बहुतेक करांविषयी, वाचताना झोप येणारे पण लागणारे. आणि काही असे की वर्षानुवर्षं गप्प आहेत. त्यांना मी काढत नाही. त्यांनी लिहिलं नाही तर माझी काहीच जागा अडत नाही, हेच तर या यंत्राचं बरं आहे.

भाचा इंजिनियरिंगला आहे. माझा रीडर बघून पहिल्यांदा म्हणाला, “मावशी, हे म्हातारं ॲप तू अजून वापरतीस व्हय?” मग त्याला मी दाखवलं की यूट्यूबच्या प्रत्येक चॅनेललाही फीड असते. पत्ता टाकला की त्या चॅनेलचे नवे व्हिडिओ तारखेनं येतात, शेजारी दुसरं काही येत नाही. त्यानं कुस्तीचा एक चॅनेल टाकला, गगनबावड्याकडच्या घाटवाटा भटकणाऱ्या पोरांचा एक टाकला, आणि ज्या प्राध्यापकांचे व्हिडिओ परीक्षेच्या आदल्या रात्री बघायचे असतात त्यांचाही एक टाकला. आठवड्यानं म्हणाला, बरं आहे की, पण एकामागून एक आपोआप येणारे शॉर्ट्‌स दिसत नाहीत. म्हटलं, तेच तर. ते त्याला फारसं पटलेलं नाही. पॉडकास्ट ऐकतो तोही रोज, बसमध्ये, आणि तो ऐकतोय ती सगळी मालिका याच म्हाताऱ्या फाईलीवर चालते, तिच्यात आवाजाच्या फाईलीचा दुवा जोडलेला असतो एवढाच फरक, हे त्याला माझ्याकडून कळलं. कुठलं तरी एक पॉडकास्ट ॲप बंद पडलं तेव्हा त्याची यादी मीच ओपीएमएलमधून काढून दिली. त्यानंतर ‘म्हातारं’ हा शब्द बंद झाला.

ब्राउझरवाल्यांनी मात्र या फाईलीकडं पाठ फिरवलीय. पूर्वी फायरफॉक्समध्ये फीड असलेल्या साईटवर केशरी चौकोन उजळायचा, दोन कमानी आणि एक ठिपका. मायक्रोसॉफ्टनंही तेच चिन्ह घेतलं होतं. फायरफॉक्सनं २०१८ च्या डिसेंबरात आपल्या पोटातला फीड वाचायचा भागच काढून टाकला. त्यामुळं लोकांना वाटतं, फीडी संपल्या. संपलेल्या नाहीत. वर्डप्रेसच्या साईटच्या पत्त्यापुढं तिरकी रेघ देऊन इंग्रजीत फीड लिहून बघा, बहुतेक वेळा निघते. चांगल्या रीडरला तर तेवढंही लागत नाही. नुसता साईटचा पत्ता दिला की तो पानाच्या डोक्यात लपलेला दुवा स्वतः हुडकतो.

तेव्हा मराठीत लिहिणाऱ्यांना एक विनंती, विशेषतः जे वर्षात दोनदाच लिहितात त्यांना. तुमची फीड चालू आहे का ते एकदा बघा, आणि तिच्यात पूर्ण लेख जातोय का तेही. कित्येकांच्या फीडीत पहिल्या चार ओळी आणि तीन टिंबं येतात, लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. साईटवर वाचक यावा म्हणून मुद्दाम तोडणारेही आहेत. त्यांचं गणित मला समजतं, पण तीन टिंबांवर दाबून पुढं जाणारा वाचक मी तरी फारसा बघितलेला नाही. वर्डप्रेसमध्ये सेटिंग्जमध्ये जाऊन रीडिंग उघडा, तिथं फुल टेक्स्ट निवडा. ब्लॉगरमध्येही सेटिंग्जमध्येच फीडचा भाग आहे, तिथं फुल. दोन मिनिटांचं काम. आणि लेखावर तारीख टाकत चला.